आर्किटेक्चर शिकून प्रोजेक्ट मॅनेजर व्हायचंय? सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी आर्किटेक्चर शिकले, काही वर्षं ड्रॉइंग बोर्डवर काम केलं आणि मग प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे वळले. तेव्हापासून ज्युनिअर्स, त्यांचे आईवडील आणि कधीकधी जुने क्लासमेटसुद्धा तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतेय.

इतकी वर्षं आर्किटेक्चर शिकायचं आणि शेवटी प्रोजेक्ट मॅनेजमेंट करायचं, म्हणजे शिक्षण वायाच गेलं ना?

अजिबात नाही. उलट मला वाटतं हे दोन धंदे वेगळे झाले तेच अलीकडे. आर्किटेक्ट हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थच बांधणाऱ्यांचा प्रमुख असा होतो. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलचा घुमट १४२० ते १४३६ या काळात बांधला गेला, तेव्हा त्याचा आर्किटेक्ट ब्रुनेलेस्कीने नुसता आकार काढून दिला नाही, सामान वर चढवायला बैलांवर चालणारं यंत्रसुद्धा त्यानेच डिझाइन केलं आणि काम कसं पुढे सरकतंय ते स्वतः बघितलं. क्रिटिकल पाथ मेथड, म्हणजे कुठली कामं लांबली तर सगळा प्रोजेक्ट लांबतो ते शोधायची पद्धत, आली १९५७ च्या सुमारास, तीसुद्धा ड्युपाँट या केमिकल कंपनीच्या गरजेतून, आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था सुरू झाली १९६९ मध्ये. म्हणजे वेगळं प्रोफेशन म्हणून याचं वय फार नाही. तुम्ही दुसऱ्याच्या घरात जात नाहीयात, आपल्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत जाताय.

स्टुडिओमध्ये, म्हणजे कॉलेजातल्या डिझाइनच्या तासाला, असं नेमकं काय शिकतो जे पुढे कामाला येतं?

माहिती अर्धवट असताना निर्णय घ्यायला शिकतो. माझ्या मते हेच सगळ्यात मोठं आहे, बाकी सगळं त्याच्या नंतर.

आठवून बघा, हातात एक प्लॉट आणि रिक्वायरमेंटची यादी येते. बरोबर उत्तर कुणाकडेच नसतं, सरांकडेही नसतं. यादीतल्या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात असतात, उन्हाची दिशा तिसरंच काही सांगते, आणि शुक्रवारी शीट लावायची असते. मग तुम्ही काहीतरी ठरवता, काढता, ते चुकतं, परत काढता. होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर यांनी १९७३ च्या लेखात अशा प्रश्नांना ‘विकेड प्रॉब्लेम’ म्हटलं, म्हणजे ज्यांची व्याख्यासुद्धा उत्तर शोधता शोधताच कळते असे प्रश्न. यातले रिटेल डिझाइन शिकवणारे प्राध्यापक होते, आणि मला त्यात काही नवल वाटत नाही.

दुसरं म्हणजे एका गोष्टीला दुसरी कशी बांधलेली असते ते अंगात मुरतं. जिना दोन मीटर सरकवला की वरच्या मजल्याचं लँडिंग सरकतं, त्यामुळे टॉयलेटचा शाफ्ट (पाइपांची उभी पोकळी) अडतो, शाफ्ट हलवला की खालच्या मजल्यावर पाइप भलत्याच खोलीच्या डोक्यावर येतो, आणि कॉलम ग्रिडशी भांडण सुरू होतं ते वेगळंच. ज्याने असं दहा वेळा भोगलंय त्याला डिपेन्डन्सी म्हणजे काय हे कुठल्या कोर्समध्ये समजवावं लागत नाही. क्लायंट म्हणाला ‘एवढीशी भिंतच तर हलवायचीय’ तर बाकीचे मान डोलवतात, आर्किटेक्टच्या डोक्यात मात्र लगेच साखळी सुरू होते की याच्या मागे अजून काय काय हलणार.

ज्युरीत झालेल्या अपमानाचा पण उपयोग होतो का?

अपमानाचा नाही होत. ज्युरी म्हणजे परीक्षकांसमोर आपलं डिझाइन मांडायचं, काही ठिकाणी ती फार क्रूर असते आणि ते मला कधीच पटलेलं नाही, मॉडेल मोडून कुणी शिकत नाही.

पण चांगल्या ज्युरीचा उपयोग प्रचंड आहे. झोप झालेली नसताना पाच मिनिटांत आपली कल्पना अनोळखी लोकांसमोर मांडायची, ‘हे असंच का?’ याला उत्तर द्यायचं, आणि टीका कामावर आहे आपल्यावर नाही हे लक्षात ठेवायचं. पुढे प्रोजेक्ट रिव्ह्यू मीटिंगमध्ये हेच असतं फक्त समोर फायनान्सची माणसं असतात. मी ज्यांना चांगलं प्रोजेक्ट मॅनेजर मानते त्या सगळ्यांना वाईट बातमी शांतपणे, चित्र काढून आणि पर्यायासकट सांगता येते.

ड्रॉइंग वाचता येतं, एवढ्याने काय होतं? ते तर इंजिनिअरलाही येतं.

येतं की, पण तो बहुतेक आपल्या विषयाचं ड्रॉइंग बघतो. स्ट्रक्चरवाला बीम बघतो, एसीवाला डक्ट बघतो. सगळ्यांची ड्रॉइंग एकाच जागेत एकावर एक ठेवून बघायची सवय आर्किटेक्टला लागलेली असते कारण त्याला सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काढावा लागतो.

एक साधा हिशोब सांगते. फ्लोअर टू फ्लोअर उंची ३३०० मिमी आहे. फ्लोरिंग आणि खालच्या मॉर्टरचे ७५ गेले. स्लॅबसकट बीम ६०० खोल. त्याच्या खालून इन्सुलेशनसकट ३५० चा डक्ट जातोय. फॉल्स सीलिंग आणि लाइट फिटिंगला १०० धरा. उरले २१७५. आणि क्लायंटला कबूल केलेत २४००. प्रत्येकाचं ड्रॉइंग आपापल्या जागी बरोबरच आहे, चूक कुणाचीच नाही, तरी २२५ मिमी कुठून आणायचे हा प्रश्न उभा आहे. हे कागदावर सापडलं तर डक्टचा मार्ग बदलता येतो, किंवा स्ट्रक्चरवाल्याशी बोलून बीममध्ये ओपनिंग ठेवता येतं. स्लॅब पडल्यावर सापडलं तर मग कोअर कटिंग (झालेल्या काँक्रीटला भोकं पाडणं), भांडणं, पत्रं, आणि शेवटी कुणीतरी क्लायंटला सांगायचं की सीलिंग खाली येणार. आता बीआयएममध्ये, म्हणजे इमारतीच्या कॉम्प्युटरवरच्या थ्रीडी मॉडेलमध्ये, क्लॅश डिटेक्शन असतं, कुठे काय एकमेकांत घुसतंय ते सॉफ्टवेअर लाल रंगात दाखवतं, पण शेकडो क्लॅशेसमधून खरोखर महत्त्वाचे कुठले आणि कोणी मागे हटायचं हे माणसालाच ठरवावं लागतं.

आर्किटेक्ट पॅट्रिक मॅक्लेमी यांच्या नावाने एक कर्व्ह ओळखला जातो, तो हेच सांगतो, की प्रोजेक्ट जसा पुढे जातो तशी बदल करायची ताकद कमी होत जाते आणि बदलाचा खर्च वाढत जातो. पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटलं यात काय नवीन, हे तर आपण शीट रेंडर झाल्यावर प्लॅन बदलताना रडत रडत शिकलोय.

मग सिव्हिल इंजिनिअर जास्त चांगला का आर्किटेक्ट?

अशी स्पर्धा लावण्यात अर्थ नाही. बांधकामाचा क्रम, साइटवरची माणसं, मशिनरी, क्वांटिटी यात सिव्हिलवाला सुरुवातीला पुढे असतो, हे मान्य करा आणि त्याच्याकडून शिका. आर्किटेक्ट पुढे असतो तो डिझाइनच्या टप्प्यात, क्लायंटला नेमकं काय हवंय ते ओळखण्यात आणि वेगवेगळ्या कन्सल्टंटना एका टेबलावर आणण्यात. रस्ता, धरण, पूल असल्या कामांत सिव्हिलचंच पारडं जड. हॉस्पिटल, एअरपोर्ट, ऑफिस, हॉटेल, जिथे वापरणारी माणसं दहा प्रकारची असतात तिथे आर्किटेक्टची नजर खूप कामाची.

कॉलेजात काय शिकवतच नाहीत?

पैसा आणि दुसऱ्याचा वेळ. यावर जरा सविस्तर लिहिते कारण बहुतेकजण इथेच आपटतात, मीपण आपटलेय.

एस्टिमेशनचा पेपर असतो, पण डिझाइनच्या ज्युरीत ‘हे कितीला पडेल?’ असं मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. प्रत्यक्षात पहिल्या दिवसापासून तेच विचारतात. आणि नुसता एकूण आकडा पुरत नाही, पैसे कुठल्या महिन्यात किती लागणार हेही सांगावं लागतं, कारण क्लायंटकडे सगळे पैसे एकदम पडून नसतात आणि कॉन्ट्रॅक्टरचं बिल अडकलं की साइटवरची माणसं कमी होतात, माणसं कमी झाली की शेड्यूल घसरतं. माझ्या पहिल्या कामात मी शेड्यूलकडे डोळे लावून बसले होते आणि उशीर होत होता बिलं अडकल्यामुळे, हे कळायला मला दोन महिने लागले.

बीओक्यू, म्हणजे कामांची आणि त्यांच्या क्वांटिटीची यादी, नीट वाचायला शिका, एकेक आयटम. ड्रॉइंगमध्ये आहे पण बीओक्यूत नाही अशी प्रत्येक गोष्ट पुढे एक्स्ट्रा आयटम म्हणून परत येते. कॉन्ट्रॅक्टमधले क्लॉज वाचा, कंटाळा येतो तरी वाचा. बदल झाला तर रेट कसा ठरणार, मुदतवाढ कधी मिळते, रिटेन्शनचे (बिलातून राखून ठेवलेले) पैसे कधी सुटतात, डिफेक्ट लायबिलिटी पीरियड (कॉन्ट्रॅक्टरने दोष दुरुस्त करून द्यायचा काळ) कधी सुरू होतो. यातलं काहीच अवघड नाही हो, फक्त आपल्याला कुणी वाचायला लावलेलं नसतं.

वेळेचं पण तसंच. कॉलेजात तुमचं शेड्यूल फक्त तुमचं असतं. इथे लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीचं असतं, काच आणणाऱ्याचं असतं, परवानगी देणाऱ्या ऑफिसचं असतं. स्ट्रक्चर वेळेत उभं राहिलं पण दर्शनी भागाची काच मागवायला उशीर झाला तर आतलं प्लास्टर, वायरिंग, सीलिंग सगळं पावसाच्या भरवशावर. क्रिटिकल पाथ म्हणतात तो हाच, ज्या कामांना एक दिवसाचाही फ्लोट, म्हणजे लांबायची सवड, नाही अशा कामांची साखळी. तिच्यातलं एक काम चार दिवस लांबलं की पूर्ण प्रोजेक्ट चार दिवस लांबतो, आणि साखळीबाहेरचं काम चार दिवस लांबलं तर कदाचित कुणाला कळणारही नाही. कुठल्या उशिरावर ओरडायचं आणि कुठल्यावर गप्प बसायचं हे त्यावरून ठरतं.

पण आपल्याला तर रात्र रात्र जागून सबमिशन करायची सवय असते, ती कामाला येत नाही का?

ही सवय सोडा, जितक्या लवकर सोडाल तितकं बरं. मी हे अगदी कळकळीने लिहितेय कारण ऑल नाइटरचा अभिमान बाळगणारे खूप आर्किटेक्ट मी साइटवर हरताना बघितलेत. काँक्रीटची ताकद २८ दिवसांची धरतात, तुम्ही रात्रभर जागलात म्हणून ते १४ दिवसांत तेवढं घट्ट होत नाही. आणि तुम्ही रात्री दोनला ड्रॉइंग पाठवलं तर सकाळी बार बेंडर ते बघून सळ्या कापणार, तुमची झोपेतली चूक मग स्टीलमध्ये उतरणार.

चिकाटी मात्र कामाला येते, ती वेगळी गोष्ट आहे.

डिझाइन पूर्ण झालं नसताना बांधकाम सुरू केलं तर काय होतं?

कधीकधी करावं लागतं, पण मग काय होऊ शकतं त्याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण सिडनीचं ऑपेरा हाउस. आर्किटेक्ट योर्न उट्झॉन यांनी १९५७ मध्ये त्याच्या डिझाइनची स्पर्धा जिंकली आणि १९५९ मध्ये काम सुरूसुद्धा झालं, तेव्हा ती शिंपल्यांसारखी छपरं बांधायची कशी हेच ठरलं नव्हतं. सगळे शेल एकाच गोलाचे तुकडे मानायचे ही युक्ती सापडली १९६१ च्या आसपास, तोवर खालच्या पोडियमचं (चौथऱ्याचं) काम बरंच पुढे गेलेलं, आणि त्यातले कॉलम छताचं वजन पेलणार नाहीत म्हणून परत बांधावे लागले. १९६६ मध्ये उट्झॉन यांनी राजीनामा दिला. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज होता, झाले १० कोटी २० लाख, आणि १९६३ ला उघडायचं ते १९७३ ला उघडलं.

आता गंमत बघा, ती इमारत आज जगातल्या सगळ्यात लाडक्या इमारतींपैकी एक आहे, त्यामुळे प्रोजेक्ट फसला म्हणायचं का यशस्वी झाला हा वाद कधी संपणार नाही. मला त्यात आर्किटेक्टचा दोष काढायचा नाहीये. काम लवकर सुरू करायचा दबाव सरकारकडून होता. पण डिझाइन कळणारं आणि राजकारण्यांना ‘अजून थांबा’ असं आकड्यांनिशी सांगू शकणारं कुणीतरी मध्ये उभं असतं तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आपण नेमकी तीच जागा घ्यायला निघालोय.

उलटं उदाहरण एम्पायर स्टेट बिल्डिंगचं. १९३० च्या मार्चमध्ये सुरुवात, १ मे १९३१ ला उद्घाटन, १०२ मजले, अवघे ४१० दिवस. तिथे डिझाइनच असं केलं होतं की भराभर बांधता यावं, सारखे सारखे मजले आणि सारखे भाग. गजबजलेल्या शहरात सामान ठेवायला जागा नव्हती म्हणून स्टील आलं की लगेच वर चढायचं. डिझाइन आणि शेड्यूल एकाच डोक्यात असलं की काय होतं ते बघायचं तर हे बघा. त्या काळच्या मजुरांच्या सुरक्षेबद्दल मात्र तसं बोलता येणार नाही.

प्रोजेक्ट मॅनेजर झालं की डिझाइन कायमचं सुटतं का?

हातातून सुटतं. हे गोड करून सांगणार नाही, पहिलं वर्ष जड जातं. समोर दुसऱ्या आर्किटेक्टचं ड्रॉइंग असतं, तुम्हाला दिसतं की जिना इकडे घेतला असता तर लॉबी मोकळी झाली असती, हात शिवशिवतात. पण तुमचं काम आता त्याचं डिझाइन सुधारायचं नाही, त्याचं डिझाइन टिकवायचं आहे. बजेट कमी करताना सगळ्यात आधी कुऱ्हाड पडते ती सुंदर गोष्टींवर. कुठली गोष्ट काढली तर डिझाइनचा जीवच जातो आणि कुठली काढली तर कुणाला कळणारही नाही, हे ओळखून ‘याऐवजी ते कमी करा’ असं सुचवणारा माणूस त्या टेबलावर हवा असतो. मला याच्यात खूप समाधान मिळतं. ज्यांना नाव आपलंच लागलं पाहिजे असं वाटतं त्यांना नाही मिळणार, आणि तसं वाटण्यात वाईट काही नाही, त्यांनी प्रॅक्टिसच करावी.

बांधकाम सोडून दुसऱ्या क्षेत्रात जाता येतं का, सॉफ्टवेअर वगैरे?

येतं. आर्किटेक्ट क्रिस्टोफर अलेक्झांडर यांनी ७० च्या दशकात इमारती आणि शहरांसाठी मांडलेली पॅटर्नची, म्हणजे परत परत येणाऱ्या प्रश्नांच्या तयार उत्तरांची, कल्पना सॉफ्टवेअरवाल्यांनी नंतर उचलली, म्हणजे विचार आधीच तिकडे पोचलाय. थोडं थोडं करून दाखवायचं, फीडबॅक घ्यायचा, बदलायचं, ही अजाइल पद्धत स्टुडिओतल्या माणसाला परकी वाटत नाही. फक्त भाषा नवीन शिकावी लागते, आणि सुरुवातीला थोडी खालची पोस्ट घ्यावी लागू शकते. एक्झिबिशन, इव्हेंट, इंटिरिअर फिटआउट, रिटेल चेनची दुकानं उभारणं, इथे उडी अजून छोटी असते.

पीएमपी करावं का? कधी?

पीएमपी हे प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचं सर्टिफिकेट, ते कॉलेजातून निघाल्या निघाल्या करता येत नाही. चार वर्षांची पदवी असेल तर प्रोजेक्ट लीड केल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं ट्रेनिंग लागतं. अनुभव नसेल तर त्यांचंच सुरुवातीच्या पातळीचं कॅपम (CAPM) आहे, ते आधी करता येतं. सर्टिफिकेटने इंटरव्ह्यूचं दार उघडतं, आतलं तुमचं तुम्हीच. माझा सल्ला, दोन वर्षं साइट बघा मग अभ्यास करा, तेव्हा पुस्तकातला प्रत्येक शब्द कुठल्यातरी भांडणाची आठवण करून देतो आणि लक्षात राहतो.

कुठलं सॉफ्टवेअर शिकू?

एक्सेल नीट. मग शेड्यूलसाठी एमएस प्रोजेक्ट किंवा प्रिमावेरा यातलं एक. बीआयएमचं रेव्हिट येत असेल तर उत्तम, क्लॅश बघायला नॅव्हिसवर्क्स त्याच्या जोडीला. बस.

इंटरव्ह्यूला पोर्टफोलिओ न्यायचा का?

न्या, पण तोच नको. रेंडर कमी करा. एक प्रोजेक्ट घ्या आणि गोष्ट सांगा, रिक्वायरमेंट काय होती, मध्ये काय बदललं, तुम्ही कुणाकुणाशी बोललात, काय चुकलं, ते कसं निस्तरलं, किती दिवस गेले. थीसिस असला तरी चालेल, थीसिस हा वर्षभराचा एकट्याने चालवलेला प्रोजेक्टच असतो, स्कोप ठरवण्यापासून हँडओव्हरपर्यंत. इंटर्नशिपमध्ये स्नॅग लिस्ट, म्हणजे दुरुस्त करायच्या दोषांची यादी, केली असेल तर तिचं एक पान लावा, दार घासतंय, टाइल पोकळ वाजतेय, सॉकेट वाकडं आहे, असली यादी तुम्ही बनवलीय आणि तिचा फॉलोअप घेऊन ती बंद केलीय हे दाखवलंत तर समोरचा सावरून बसतो.

मी फार बोलका नाही, मला जमेल का?

जमेल. मीटिंग संपल्यावर त्याच दिवशी मिनिट्स पाठवणारा, कोणी काय कबूल केलं आणि कुठल्या तारखेपर्यंत हे नीट लिहिणारा शांत माणूस बडबड्या माणसापेक्षा जास्त काम पुढे नेतो.

अजून शिकतोच आहे, आत्तापासून काय करू शकतो?

पुढच्या सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात स्वतःच्या डिझाइन प्रोजेक्टचा बार चार्ट बनवा, कॉन्सेप्ट किती दिवस, प्लॅन किती, सेक्शन, मॉडेल, शीट. मग रोज खरं काय झालं ते त्याच्याच खाली दुसऱ्या रंगाने भरत जा. बहुतेक तुमचा कॉन्सेप्ट ठरवलेल्याच्या दुप्पट वेळ खाईल आणि मॉडेलला वेळच उरणार नाही. तो चार्ट फेकू नका, पुढच्या सेमिस्टरला त्यातले खरे आकडे घेऊन नवीन चार्ट करा. आणि सुट्टीत जवळच्या कुठल्याही चालू साइटवर परवानगी घेऊन जा, हेल्मेट घाला, आणि एकच प्रश्न विचारा, आज कुठलं काम कशासाठी अडलंय. रोज वेगळं उत्तर मिळेल, ते वहीत तारीख टाकून लिहीत जा.